'ते ह नाकं' मधलं नाक

प्रश्न असा आला आहे: 'गणपतीत आरतीनंतर मंत्रपुष्पांजली सुरू झाली की माझी सात वर्षांची मुलगी "ते ह नाकं" येताच स्वतःच्या नाकाला बोट लावते. सगळे कौतुकानं हसतात, पण तिला खरा अर्थ सांगायला घरात कुणालाच येत नाही. हे नाक म्हणजे काय? स्वर्ग असेल तर सरळ स्वर्ग का म्हटलं नाही? आजच्या मराठीत हा शब्द वापरता येईल का? आणि कुठे "सचन्त" तर कुठे "सचन्ते" छापलेलं असतं, त्यातलं बरोबर कोणतं?'

मी तीसेक वर्षं संस्कृत शिकवते आहे आणि दर श्रावणात मंत्रपुष्पांजलीचा पाठ घेते. नाकाला बोट लावणारं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतंच. त्या मुलाचं मला नेहमी बरं वाटतं, कारण शेजारी डोळे मिटून घडाघडा म्हणणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा ते शब्द ऐकत असतं. तुमच्या मुलीनं एक शब्द वेगळा काढून ओळखायचा प्रयत्न केला आहे. तिला उत्तर मिळायलाच हवं.

सरळ उत्तर हे: इथला 'नाक' म्हणजे स्वर्ग, आणि त्याहून नेमकं सांगायचं तर आकाशाचं सर्वांत वरचं छत. श्वास घ्यायच्या नाकाशी त्याचं काही नातं नाही. मराठीतलं नाक प्राकृतातल्या 'णक्क'वरून आलं. संस्कृतात त्या अवयवाला नासा, नासिका म्हणतात. वेदातला 'नाक' हा वेगळा, फार जुना शब्द. दोघे दोन वाटांनी आले आणि आपल्या कानात एकाच उच्चाराला भेटले. लिंगही वेगळं आहे. आपलं नाक 'ते', वेदातला नाक 'तो'. मंत्रात 'नाकं' दिसतं ते पुल्लिंगी शब्दाची द्वितीया म्हणून, 'रामं' दिसतं तसं.

आता ती ओळ. मंत्रपुष्पांजली एका ठिकाणची नाही, वेगवेगळ्या ठिकाणचे मंत्र एकत्र गुंफलेले आहेत. 'राजाधिराजाय' तैत्तिरीय आरण्यकातलं, 'साम्राज्यं भौज्यं' आणि 'मरुतः परिवेष्टारो' ऐतरेय ब्राह्मणातलं. पहिली ऋचा मात्र ऋग्वेदाची. पुरुषसूक्ताचा शेवट तिनं होतो (१०.९०.१६; हे आकडे मंडल, सूक्त आणि ऋचा या क्रमानं), आणि दीर्घतमस् ऋषीच्या अस्यवामीय सूक्तातही ती आहे (१.१६४.५०).

'यज्ञेन यज्ञमयजन्त देवास्तानि धर्माणि प्रथमान्यासन् । ते ह नाकं महिमानः सचन्त यत्र पूर्वे साध्याः सन्ति देवाः ॥'

देवांनी यज्ञानं यज्ञाचं यजन केलं, तीच पहिली धर्मकृत्यं होती. ते थोर, महिमा असलेले, नाकाला जाऊन मिळाले, जिथे त्यांच्याही आधीचे साध्य नावाचे देव राहतात. 'ते' म्हणजे ते, 'ह' हे 'खरोखर'सारखं जोर देणारं अव्यय. पुष्कळ घरांत 'तेहनाकं' असा एकच शब्द होतो आणि तिथेच अर्थ बुडतो. 'सचन्त' हे क्रियापद सच् धातूचं. सोबत जाणं, जाऊन मिळणं, संगतीत राहणं असा त्याचा अर्थ. मंत्रालयातले सचिव याच धातूचे. सचिव म्हणजे मुळात सोबती. म्हणून मी 'नाकाला पोचले' असं भाषांतर करत नाही, 'नाकाच्या संगतीला गेले' असं म्हणते. गावी पोचणं वेगळं आणि गावचं होऊन राहणं वेगळं, तसा हा फरक आहे.

'सरळ स्वर्ग का म्हटलं नाही' हा तुमचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, तेव्हा त्याच्यावर थोडं थांबते.

आपण आज स्वर्ग म्हणतो तेव्हा पुण्यवान माणसं मेल्यावर जातात ते ठिकाण, इंद्राचा दरबार, अप्सरा, अमृत असं चित्र उभं राहतं. ऋग्वेदात हे चित्र अजून तयार झालेलं नाही. 'स्वर्ग' हा शब्दही तिथे दुर्मीळ आहे. पुरूरवा-उर्वशी संवादाच्या अगदी शेवटी 'स्वर्ग उ त्वमपि मादयासे' असं येतं. ऋषींच्या तोंडी असतात ते द्यौः, स्वः, नाक असे शब्द, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. हिरण्यगर्भ सूक्तातली ओळ पाहा (१०.१२१.५): 'येन द्यौरुग्रा पृथिवी च दृळ्हा येन स्वः स्तभितं येन नाकः'. ज्यानं प्रबळ द्यौ आणि पृथ्वी पक्की केली, ज्यानं स्वः तोलून धरलं, ज्यानं नाक तोलून धरला. एकाच दमात द्यौ, स्वः आणि नाक तिन्ही मोजले आहेत. तिन्हींचा अर्थ स्वर्गच असता तर कवीनं एकच गोष्ट तीनदा सांगितली असं होईल, आणि हा कवी तसा सैल लिहिणारा नाही. द्यौ म्हणजे उजळ आकाश, स्वः म्हणजे सूर्याचा प्रकाश आणि त्याचं क्षेत्र, आणि नाक म्हणजे वरचा घुमट. 'स्तभितं' हे स्तंभाच्या धातूचं रूप आहे. म्हणजे नाक ही टेकू देऊन वर धरून ठेवायची वस्तू आहे. असं छताबद्दल बोलतात.

वसिष्ठाचं वरुणसूक्त (७.८६) माझ्या फार आवडीचं आहे. वरुण रागावला आहे आणि वसिष्ठ त्याला विनवतो आहे, माझं काय चुकलं ते तरी सांग. पण विनवणीच्या आधी पहिल्याच ऋचेत तो वरुणाचं मोठेपण सांगतो: 'प्र नाकमृष्वं नुनुदे बृहन्तं'. त्यानं तो उंच, विशाल नाक वर ढकलला. 'नुनुदे' म्हणजे ढकलला, रेटला. पावसाळ्याआधी मांडवाचं कापड खालून बांबूनं वर रेटतात, तो जोर या क्रियापदात आहे. वर ढकललेल्या छताखाली मग जागा झाली आणि त्या जागेत आपण जगतो. देवानं जग निर्माण केलं असं सांगण्यापेक्षा देवानं जगायला जागा केली असं सांगणं मला अधिक खोल वाटतं, आणि ते या एका शब्दामुळे जमलं आहे. इथे 'स्वर्ग' घालून पाहा, सगळं कोसळतं. स्वर्ग वर ढकलत नाहीत.

मग या छतावर कोण राहतं? इथे 'नाकस्य पृष्ठे' हा शब्दप्रयोग येतो, नाकाच्या पाठीवर. कक्षीवान ऋषीच्या दानस्तुतीत (१.१२५.५) म्हटलं आहे, 'नाकस्य पृष्ठे अधि तिष्ठति श्रितो यः पृणाति स ह देवेषु गच्छति'. जो भरभरून देतो तो नाकाच्या पाठीवर टेकून राहतो, तो देवांत जातो. आपण घरात बसून जे छत खालून बघतो, गच्चीवर गेलेला माणूस त्याच छताच्या पाठीवर उभा असतो. आपल्याला नाकाचं पोट दिसतं, देव त्याच्या पाठीवर वावरतात. क्वचित 'पृष्ठ' ऐवजी 'सानु' येतो. सानु म्हणजे डोंगरमाथा. अग्नी 'नाकस्य सानवि' उभा राहिला असं ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात आहे. पाठ काय किंवा माथा काय, नाकाला वरची बाजू आहे आणि तिच्यावर उभं राहता येतं हे महत्त्वाचं.

आणि नाकाच्या पाठीवर पोचलं म्हणजे प्रवास संपला असंही नाही. अथर्ववेदात (४.१४.३) आणि शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतही असलेला एक मंत्र पायऱ्या मोजतो: 'पृष्ठात् पृथिव्या अहमन्तरिक्षमारुहमन्तरिक्षाद्दिवमारुहम् । दिवो नाकस्य पृष्ठात् स्वर्ज्योतिरगामहम् ॥' पृथ्वीच्या पाठीवरून मी अंतरिक्षात चढलो, अंतरिक्षातून द्युलोकात, आणि द्युलोकाच्या त्या नाकाच्या पाठीवरून मी स्वः, ज्योती, तिच्याकडे गेलो. नाक इथे शेवटचा मजला आहे. त्याच्यापुढे चढायला काही नाही, नुसता उजेड आहे. मला माहीत असलेल्या वेदमंत्रांत 'मी' इतका स्पष्ट बोलणारा मंत्र थोडा. 'आरुहम्, आरुहम्' असं दोनदा येतं तेव्हा जिना चढताना लागणारा दम ऐकू येतो.

नवव्या मंडलातलं कश्यपाचं सोमसूक्त (९.११३) या शब्दासाठी जरूर ऐका. त्यात 'त्रिनाके त्रिदिवे दिवः' असं आहे. तिहेरी नाक, तिहेरी द्यौ. 'यत्रानुकामं चरणं', जिथे मनाला येईल तसं हिंडता येतं, 'लोका यत्र ज्योतिष्मन्तः', जिथले लोक उजेडानं भरलेले आहेत, 'तत्र माममृतं कृधि', तिथे मला अमर कर. स्वर्गाची इतकी साधी मागणी नंतरच्या वाङ्मयात क्वचितच सापडते. ना सोन्याचे महाल, ना कल्पवृक्ष. हवं तिथे हिंडायला मिळावं, आणि उजेड असावा. दुखणाईत होऊन महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना मी ही ऋचा वाचून दाखवली होती. 'अनुकामं चरणं' याचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. दोनदा.

आता व्युत्पत्ती. 'क' म्हणजे सुख, 'अक' म्हणजे दुःख, आणि जिथे अक नाही तो नाक, हे तुम्हाला कीर्तनात किंवा पुराणात ऐकायला मिळालं असेल. ही फोड आजची नाही, फार जुनी आहे. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या संग्रहात, सूर्य आणि द्युलोक या दोघांना चालणारी सहा नावं दिली आहेत: स्वः, पृश्नि, नाक, गो, विष्टप्, नभस्. त्यांचं विवरण करताना यास्क हा प्राचीन भाष्यकार आपल्या निरुक्त या ग्रंथात दोन्ही बाजू सांगतो. सूर्य म्हणून घेतलं तर नाक हा 'नेता', रसांना आणि तेजाला नेणारा. द्युलोक म्हणून घेतलं तर 'कमिति सुखनाम', आणि मग ती न-अक ही फोड. त्या लोकी गेलेल्याला दुःख नाही.

व्याकरणाला मात्र ही फोड सहज पचणारी नाही. 'न' चा स्वरापुढे 'अन्' होतो. न + आदि म्हणजे अनादि, न + अंत म्हणजे अनंत. त्या न्यायानं न + अक याचं 'अनक' व्हायला हवं होतं. 'नाक' झालं कसं? पाणिनीनं याची दखल घेतली आहे. अष्टाध्यायीत (६.३.७५) अकरा शब्दांची एक यादी आहे, ज्यांच्यातला 'न' बदलत नाही, मूळ रूपात राहतो: नभ्राट्, नपात्, नवेदस्, नासत्य, नमुचि, नकुल, नख, नपुंसक, नक्षत्र, नक्र आणि शेवटी नाक. नख, नक्षत्र, नकुल हे रोजचे शब्द आणि त्यांच्या रांगेत स्वर्ग. वर्गात हे सूत्र आलं की मी मुलांना यातल्या प्रत्येकाची 'न'ची फोड करून बघायला सांगते. नपुंसक लगेच सुटतो. नख आणि नकुलपाशी सगळे अडतात. त्या अडण्यातूनच कळतं की या यादीतल्या काही शब्दांत 'न' हा नकार खरोखर होता, आणि काहींत तो वैयाकरणांनी नंतर वाचला.

नाक यांपैकी कुठल्या गटात? माझं मत स्पष्ट आहे. न-अक ही फोड सुंदर आहे, श्रद्धेनं केलेली आहे, पण ती शब्दाचा उगम सांगत नाही. वसिष्ठाच्या ऋचेत वर ढकललेल्या नाकात सुख-दुःखाचा मागमूस नाही. आधी छत होतं, त्या छतावर देव राहतात म्हणून ते सुखाचं स्थान ठरलं, आणि सुखाचं स्थान ठरल्यावर शब्दात सुख शोधलं गेलं. पण म्हणून फोड टाकून द्यायची नाही. नंतरच्या काळात लोकांनी शब्द त्याच अर्थानं वापरला आणि वापरानं तो अर्थ खरा झाला.

याचा उत्तम पुरावा छांदोग्य उपनिषदात आहे. तिथे सामगानाच्या, म्हणजे सामवेदातल्या गायनाच्या, सात अंगांच्या नावांची अक्षरं मोजली आहेत. हिंकार तीन, प्रस्ताव तीन, आदि दोन, प्रतिहार चार, उद्गीथ तीन, उपद्रव चार, निधन तीन. बेरीज बावीस. त्यातल्या एकवीस अक्षरांनी उपासक आदित्यापर्यंत पोचतो, कारण बारा महिने, पाच ऋतू, तीन लोक आणि एकविसावा हा आदित्य. मग बाविसावं अक्षर उरतं. त्यानं तो आदित्याच्याही पलीकडचं जिंकतो, 'तन्नाकं तद्विशोकम्'. ते नाक, ते शोकरहित. 'विशोक' हा शब्द शेजारी ठेवून उपनिषदानंच सांगून टाकलं की आम्ही नाक म्हणजे न-अक असं वाचतो. शंकराचार्यांनी भाष्यात तीच फोड दिली आहे.

अमरसिंहानं नंतर हे सगळे शब्द एका ओळीत बसवले. 'स्वरव्ययं स्वर्गनाकत्रिदिवत्रिदशालयाः', आणि पुढे सुरलोक, द्यो, दिव्, त्रिविष्टप. स्वर्गाची नऊ नावं, आणि अमरकोशाची खरी सुरुवातच त्यांच्यापासून. पाठशाळेत ज्यानं अमर पाठ केला त्याला नाक हा शब्द आयुष्यात अगदी लवकर भेटतो. नानार्थवर्गात अमर पुन्हा सांगतो, 'आकाशे त्रिदिवे नाकः', नाक म्हणजे आकाशही आणि स्वर्गही. जुना अर्थ त्याच्या काळीही विसरला गेला नव्हता.

कवींनी या शब्दाचं काय केलं ते एकाच ठिकाणी दाखवते, कारण तसं ठिकाण दुसरं नाही. रघुवंशाच्या आरंभी कालिदास रघुकुलातल्या राजांचं वर्णन करतो (१.५):

'सोऽहमाजन्मशुद्धानामाफलोदयकर्मणाम् । आसमुद्रक्षितीशानामानाकरथवर्त्मनाम् ॥'

जन्मापासून शुद्ध, फळ हाती येईपर्यंत काम न सोडणारे, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचे स्वामी, आणि ज्यांच्या रथाच्या चाकोऱ्या नाकापर्यंत गेलेल्या. चारही विशेषणं 'आ'नं सुरू होतात, 'पासून' किंवा 'पर्यंत' या अर्थाच्या. हे कुळ इंद्राच्या मदतीला स्वर्गात जाऊन लढणारं. ककुत्स्थ नावाचा पूर्वज तर बैल झालेल्या इंद्राच्या वशिंडावर बसून लढला, म्हणून त्याचं ते नाव. पहिल्यांदा वाचणारी मुलं इथे 'अनाक' असं काही तरी वाचतात आणि गोंधळतात. फोड आ + नाक अशी आहे.

इथे कालिदासानं 'आस्वर्ग' का नाही म्हटलं? छंदाची अडचण नव्हती, 'आस्वर्गरथवर्त्मनाम्' अनुष्टुभात बसतं. पण ओळ मोठ्यानं म्हणून पाहा: 'क्षितीशानामानाकरथवर्त्मनाम्'. आधीच्या शब्दाचा 'नाम्' आणि पुढचा 'आनाक' जोडून 'नामाना' असा नाद होतो, आणि शेवटी 'नाम्' परत येतो. जमिनीवरून निघालेला रथ सांधा न जाणवता वर चढतो. 'आस्वर्ग' म्हटलं की मध्ये स्व आणि र्ग असे दोन खडे लागतात. शिवाय रथाची चाकोरी उमटायला पृष्ठभाग लागतो. स्वर्ग हे ठिकाण झालं, नाकाला पाठ आहे.

महाभारतात आणि पुराणांत 'नाकपृष्ठ' हा ठरीव शब्द झाला. अमुक व्रत केलं, अमुक दान दिलं की 'नाकपृष्ठे महीयते', नाकाच्या पाठीवर मान मिळतो. फलश्रुती वाचणाऱ्यांना तो ओळखीचा असेल. कक्षीवानाच्या ऋचेतली प्रतिमा तिथे साच्यात बसून गेली. नाकिन् म्हणजे देव, नाकौकस् म्हणजे नाकात घर असलेले, तेही देवच, नाकनाथ आणि नाकेश म्हणजे इंद्र. 'पिनाक' मात्र या घरातला नाही. तो शिवाचं धनुष्य, वेगळा शब्द. वर्गात हा प्रश्न हमखास येतो म्हणून सांगून ठेवते.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण मंत्रपुष्पांजली म्हणणाऱ्या भाविकाला ती जवळची वाटेल. ज्या परंपरेनं नाकाची इतकी ओढ सांगितली, तिनंच पुढे नाक अपुरं आहे असंही सांगितलं. मुंडक उपनिषद (१.२.१०) म्हणतं, यज्ञ आणि दानधर्म (इष्टापूर्त) हेच सर्वश्रेष्ठ असं मानणारे 'नाकस्य पृष्ठे' आपलं सुकृत भोगतात आणि मग या लोकात किंवा याहून हीन लोकात परत येतात. शब्द तेच, जुन्या ऋचेचे. त्या ऋचेत नाकाच्या पाठीवर पोचणं हे दात्याचं भाग्य होतं, इथे ती मुक्कामाची धर्मशाळा झाली. आणि संन्याशाच्या स्वागताला पूर्णकुंभ घेऊन म्हणतात त्या मंत्रात, 'न कर्मणा न प्रजया धनेन', पुढे येतं 'परेण नाकं निहितं गुहायाम्', नाकाच्याही पलीकडे, गुहेत ठेवलेलं. वर वर चढत जाऊन छताच्या पाठीवर पोचायचं, तर जे हवं ते अंतःकरणाच्या गुहेत निघालं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गीतेतल्या 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'वर (पुण्य संपलं की मर्त्यलोकात परततात) लिहिताना हेच फार कडक शब्दांत सांगितलं आहे. पुण्य सरलं की स्वर्गातून बाहेर पडणाऱ्या याज्ञिकाला त्यांनी, कवड्या संपल्यावर वेश्येच्या दारालाही हात लावू न शकणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. शके १२१२ मध्ये लिहिलेलं हे आजही वाचताना चटका लावतं.

आता आजची मराठी. 'नाक' मोकळा वापरता येत नाही, असं माझं अनुभवाचं मत आहे. आपल्या भाषेत नाक मुरडतं, कापलं जातं, वर असतं, त्याला मिरच्या झोंबतात. एवढी वाक्प्रचारांची गर्दी असलेल्या शब्दात दुसरा अर्थ तग धरत नाही. म्हणून आपण कैलासवासी म्हणतो, वैकुंठवासी म्हणतो, स्वर्गवासी म्हणतो, 'नाकवासी' कुणी म्हणत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्यानं कोजागरीच्या कविसंमेलनात गंगावतरणावर कविता वाचली. पहिलीच ओळ होती, 'नाकातून उतरली गंगा'. सभागृह हसलं आणि तो पुढचं वाचू शकला नाही. शब्द त्यानं कोशातून शोधून आणलेला होता, आणि गंगेला 'नाकनदी' म्हणतातही. चूक शब्दाची नव्हती, प्रत्ययाची होती. संस्कृत शब्दाला मराठी विभक्ती लागली की तो मराठी होतो, आणि मराठीत नाकाचा अर्थ ठरलेला आहे. 'नाकातून', 'नाकावर', 'नाकाला' ऐकल्यावर कुणाचंही मन चेहऱ्याकडेच जाणार. आम्ही दोघांनी बसून ती ओळ 'नाकपृष्ठावरून उतरली गंगा' अशी केली. प्रत्यय 'पृष्ठ'ला लागला, 'नाक' समासात सुरक्षित राहिला, आणि वरून खाली येण्याची दिशाही मिळाली. समासाच्या आत ठेवा, प्रत्ययापासून लांब ठेवा, हा हिशोब मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. नाकपृष्ठ, नाकलोक, नाकेश चालतील. तेही जिथे वाचक थांबून वाचणार आहे तिथे. ऐकवायच्या कवितेत त्रिदिव किंवा द्युलोक घ्या.

तुमच्या मुलीसाठी मी काय केलं असतं ते सांगते, कारण अशाच एका मुलीसाठी मी ते केलं आहे. पूजेचं ताम्हण रिकामं करून पुसून तिच्या डोक्यावर पालथं धरलं. वर बघ म्हटलं. तिला तांब्याचा घुमट दिसला, त्यात समईची ज्योत हलताना दिसली. हा नाक, म्हटलं. आपण याच्या खाली आहोत. मग ताम्हण तसंच पालथं खाली घेतलं आणि तिच्या ओंजळीतलं जास्वंदीचं फूल त्याच्या पाठीवर ठेवायला सांगितलं. आणि इथे देव राहतात. तिनं फूल ठेवलं, ते घरंगळलं, तिनं पुन्हा ठेवलं. त्या वर्षी विसर्जनापर्यंत 'ते ह नाकं' आलं की तिचा हात डोक्याच्या वर जायचा.

शेवटचा प्रश्न 'सचन्त' की 'सचन्ते' हा. दोन्ही बरोबर, पण वेदाच्या वेगवेगळ्या शाखांचं, म्हणजे पाठपरंपरांचं. ऋग्वेदाचा पाठ 'सचन्त' आहे. हे भूतकाळाचं रूप, आधीचा 'अ' नसलेलं, वेदात असं पुष्कळ येतं. तैत्तिरीय आरण्यकातल्या पुरुषसूक्तात 'सचन्ते' असा वर्तमानकाळ आहे. महाराष्ट्रात मंत्रपुष्पांजलीत 'सचन्त' म्हणण्याची पद्धत आहे, तेव्हा घरात तेच ठेवा. 'सचंत:' असा विसर्ग मात्र कुठल्याही शाखेत नाही.

म्हणताना 'ते', 'ह', 'नाकं' हे तीन शब्द वेगळे ऐकू येऊ द्या. 'ना' दीर्घ आणि उदात्त, म्हणजे उंच स्वराचा, आहे, तो तोडू नका. बहुतेक ठिकाणी 'महिमानः' नंतर श्वास घेतात आणि 'सचन्त यत्र' असं एकत्र ओढतात. तिथे चरण तुटतो. छंद त्रिष्टुभ आहे, चरणाला अकरा अक्षरं. 'ते ह नाकं महिमानः सचन्त' ही मोजा, बरोबर अकरा भरतात, म्हणून श्वास 'सचन्त' नंतर. पुढच्या 'यत्र पूर्वे साध्याः सन्ति देवाः' मध्ये दहाच भरतात, कारण जुन्या उच्चारात 'साध्याः' हे 'साधियाः' असं तीन अक्षरी होतं. घरी तसं म्हणू नका, रूढ पाठ 'साध्याः' असाच आहे. फक्त 'सा' वर जरा रेंगाळा, म्हणजे टाळ्यांच्या घाईत ते देव गिळले जाणार नाहीत.